शेवटचा आला म्हणून पहिला नंबर: एनएफएलमधल्या वरच्या पिकची किंमत नक्की किती?

८ जानेवारी २०२३, रविवारची दुपार. मी शिकागोच्या सबर्बमध्ये राहतो, आणि त्या दिवशी शेजारच्या काकांकडे मॅच बघायला गेलो होतो (काका म्हणजे अस्सल अमेरिकन म्हातारा, पण आमच्या घरात त्यांना काकाच म्हणतात). फुटबॉल म्हणजे इथला, तो लांबुळका बॉल काखेत मारून पळायचं ते. काका जन्मापासून शिकागो बेअर्सचे भक्त. टीव्हीवर बेअर्स मिनेसोटाकडून मार खात होते आणि काकांचं तिकडे अजिबात लक्ष नव्हतं, ते हातातल्या फोनवर ह्यूस्टन आणि इंडियानापोलिसची मॅच बघत होते, जिच्याशी शिकागोचा वरवर काही संबंध नाही. ह्यूस्टन हरत होतं. शेवटचं मिनिट, चौथा म्हणजे शेवटचा चान्स, २० यार्ड जायचे बाकी, अशा वेळी कोणी जिंकत नाही. पण त्यांच्या क्वार्टरबॅकनं (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) बॉल लांब भिरकावला आणि तो पकडला गेला, वर दोन जादा पॉइंटही मारले, ३२-३१. काका सोफ्यावरून उठून चक्क नाचले. इकडे टीव्हीवर बेअर्स २९-१३ नं हरले.

मी म्हटलं, काका, तुमची टीम हरली ना? तर म्हणाले, हो रे, पण ह्यूस्टन जिंकलं, म्हणून आता आम्ही सगळ्यात शेवटचे आलो!

मला अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी शेवटचा नंबर आला म्हणून नाचणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. त्यानंतर या ड्राफ्टच्या भानगडीत मी जो घुसलो तो घुसलोच. गावाकडून मामेभावाचं चालू असतं, "दादा, हे नक्की काय असतं ते एकदा नीट सांग ना", म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते. एनएफएल ही इथल्या फुटबॉलची लीग, तिच्यात ३२ टीम आहेत. दरवर्षी एप्रिलमध्ये कॉलेजात खेळणारी चांगली पोरं या टीम आळीपाळीनं उचलतात, सात राउंड होतात, अडीचशेच्या वर पोरं उचलली जातात. लहानपणी गल्लीत दोन कॅप्टन भिडू मागायचे ना, तसंच. फक्त इथे पहिली मागणी कोणाची हे नाणं उडवून ठरत नाही, गेल्या सीझनला जो सगळ्यात वाईट खेळला तो पहिला मागतो आणि सुपर बोल म्हणजे फायनल जिंकलेला सगळ्यात शेवटी. आपल्या इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडची ही बरोब्बर उलटी बाजू म्हणा. तिथे टॉपर कॉलेज निवडतो, इथे कॉलेज टॉपरला निवडतं आणि तेही ज्या कॉलेजचा रिझल्ट सगळ्यात वाईट त्याला पहिला मान, आणि पोराला काही बोलायची सोय नाही. आयपीएलसारखा लिलाव पण नाही. तिथे खिशात पैसे आहेत तोपर्यंत कोणावरही बोली लावता येते, इथे तुमची पाळी येईपर्यंत गप्प बसायचं.

पण एक गोष्ट करता येते, ती पाळीच विकता येते. पैशाला नाही, दुसऱ्या पाळ्यांच्या बदल्यात. या पाळीला इथे पिक म्हणतात (शेतातलं पीक नव्हे, पण अंदाज तितकाच चुकतो). माझी पहिली पाळी तू घे, तुझी नववी मला दे आणि वर पुढच्या वर्षीची पहिल्या राउंडची दे, असे सौदे होतात. आणि इथूनच खरा प्रश्न सुरू होतो, की पहिल्या पिकची किंमत किती?

ही पद्धत काढली बर्ट बेल नावाच्या माणसानं, फिलाडेल्फिया ईगल्सचा मालक होता. त्याची टीम सारखी हरायची आणि चांगली पोरं सगळी शिकागो, न्यूयॉर्कसारख्या तालेवार टीमकडे जायची, म्हणून त्यानं १९३५ मध्ये हा उपाय बाकी मालकांच्या गळी उतरवला. पहिला ड्राफ्ट १९३६ ला झाला, पहिला नंबर अर्थातच ईगल्सचा, त्यांनी जे बर्वँगर नावाचं कॉलेजातलं सगळ्यात गाजलेलं पोरगं उचललं. पैशावरून जमलं नाही, म्हणून त्याचे हक्क बेअर्सना देऊन टाकले, बेअर्सशीही जमलं नाही, आणि तो पठ्ठ्या एनएफएलची एकही मॅच न खेळता नोकरीला लागला. इतिहासातल्या पहिल्यावहिल्या पहिल्या नंबरची ही गत.

त्यानंतर पन्नासेक वर्षं पिकचे सौदे अंदाजपंचेच चालायचे. १९८९ मध्ये डॅलस काउबॉइजनी आपला सगळ्यात भारी खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला आणि बदल्यात काही खेळाडू आणि पिकचा गठ्ठाच घेतला. तेव्हा लोकांनी डॅलसला वेड्यात काढलं, त्या सीझनला ते १६ पैकी १ मॅच जिंकले होते. पुढे त्याच पिकच्या जोरावर वरखाली सौदे करत करत त्यांनी एमिट स्मिथसारखी पोरं जमवली आणि १९९२ ते १९९५ या चार सीझनमध्ये तीन सुपर बोल मारले. एवढी पिक हाताशी आली की कोणती कितीला द्यायची याचा हिशोब लागतो. तेव्हाचा कोच जिमी जॉन्सनसाठी माइक मकॉय या माणसानं, मालक जेरी जोन्सचा तेलाच्या धंद्यातला पार्टनर, एक तक्ता बनवला. पहिल्या पिकला ३००० पॉइंट, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, आणि पहिल्या राउंडच्या शेवटच्या म्हणजे ३२ व्याला ५९०.

हे आकडे नुसते वाचून सोडू नका, जरा बेरीज करून बघा. २५, २६, २७ आणि २८ वं पिक, चारही मिळून होतात २७६०. म्हणजे या तक्त्याप्रमाणे पहिल्या राउंडच्या शेवटाकडची चार पोरं एकत्र केली तरी पहिल्या नंबरच्या एका पोराची बरोबरी होत नाही. खरंच एवढा फरक असतो का?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण बरेच लोक इथेच चुकतात. मकॉयनं हा तक्ता पोरं पुढे कशी खेळली ते बघून नव्हता बनवला. आधीच्या काही वर्षांत लोकांनी काय दरानं सौदे केले ते बघून बनवला होता. म्हणजे हा रेडी रेकनर झाला. फ्लॅटचा रेडी रेकनर दर गेल्या वर्षीच्या व्यवहारांवरून ठरतो, त्या बिल्डिंगला पाणी येतं का आणि छत गळतं का हे त्यात नसतं. पण एकदा दर छापला की तोच खरा वाटायला लागतो. हळूहळू बाकी टीमही हाच तक्ता वापरायला लागल्या आणि मग सगळे त्याच भावानं सौदे करतायत म्हणून तो भाव बरोबर, असं चक्र सुरू झालं.

मग आले दोन प्रोफेसर, केड मॅसी आणि रिचर्ड थेलर. थेलर म्हणजे तेच ज्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी २००५ मध्ये एक पेपर काढला. प्रश्न साधा होता: पोरगं किती चांगलं खेळतं त्यातून त्याचा पगार वजा करा, हातात उरतं काय? कारण एनएफएलमध्ये सॅलरी कॅप असते, प्रत्येक टीमला खर्चाची मर्यादा सारखीच, त्यामुळे एकावर जास्त उडवले की दुसरीकडे कात्री लागणारच. घरखर्चासारखंच आहे. तर त्यांना असं दिसलं की पहिल्या नंबरची पोरं सरासरीनं चांगली खेळतात हे खरं, पण त्यांचे पगार त्याहून जोरात वर जातात, आणि टीमच्या खिशात सगळ्यात जास्त फायदा उरतो तो पहिल्या नंबरला नाही तर पार दुसऱ्या राउंडच्या आसपास. त्यांनी याला नावच दिलं, हरणाऱ्याचा शाप. लीगनं बिचाऱ्या हरलेल्या टीमला बक्षीस म्हणून जे दिलं तेच तिच्या गळ्यात धोंडा.

पण मला त्यातली सगळ्यात भारी गोष्ट दुसरीच वाटते. समजा एकाच जागेवर खेळणारी दोन पोरं आहेत, एक आधी उचललं गेलं आणि दुसरं त्या जागेसाठी लगेच त्याच्यानंतर. तर आधीचं पोरगं नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता किती? साधारण ५२ टक्के. एवढे स्काउट, एवढे व्हिडिओ, पोरांना चड्डीवर पळवून सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणं, आणि शेवटी नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम दोन टक्के बरं. हापूसची पेटी घेताना आपण वास घेतो, देठ बघतो, दाबून बघतो, पण आत साका आहे का हे कापल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही, तसलाच प्रकार.

काकांसमोर एक विषय मी काढत नाही, तो म्हणजे २०१७ चा ड्राफ्ट. बेअर्सचा तिसरा नंबर होता. ट्रुबिस्की नावाचा क्वार्टरबॅक त्यांच्या डोळ्यात भरला, कोणी आधी पळवेल म्हणून त्यांनी तीन जादा पिक देऊन तिसऱ्यावरून दुसऱ्या नंबरवर उडी मारली. एका पायरीसाठी तीन पिक! त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरला कॅन्सस सिटीनं पॅट्रिक महोम्सला उचललं. पुढे तो लीगमधल्या सगळ्यात गाजलेल्या क्वार्टरबॅकपैकी एक ठरला, इथे फुटबॉल न बघणाऱ्यालाही ते नाव माहीत असतं.

बरं, लोक मग एवढी किंमत मोजून वर का सरकतात? एक कारण म्हणजे फाजील आत्मविश्वास, बाकीच्यांचं चुकतं, माझी नजर पक्की आहे. दुसरं कारण मला जास्त पटतं. हे सौदे करणाऱ्या जनरल मॅनेजरची नोकरी टांगणीला असते, आणि तो जी पुढच्या वर्षीची पहिल्या राउंडची पाळी देऊन बसतो ती पाळी येईपर्यंत तो खुर्चीवर असेलच असं नाही. भिशीत पहिला नंबर उचलायचा आणि हप्ते भरायला दुसऱ्याला ठेवायचं, असं झालं ना हे. मॅसी आणि थेलरनी याचाही हिशोब केला: पुढच्या वर्षीचं पिक देऊन आत्ताचं घेताना टीम जे व्याज मोजतात ते वर्षाला साधारण १३६ टक्के पडतं. एवढं तर गावाकडचा सावकारही लावायला लाजेल.

आता इथपर्यंत वाचून वाटेल की पहिला नंबर म्हणजे नुसता तोटाच, मग काका नाचले कशाला? कारण मधे २०११ आलं.

त्याआधी पहिल्या नंबरचं पोरगं आणि त्याचा एजंट येऊन बसायचे आणि मागतील ते घ्यायचे. २००७ मध्ये ओकलंडनं जमार्कस रसेलला उचललं, करार ६ कोटी डॉलरच्या वरचा, त्यातले ३ कोटींहून जास्त पक्के, म्हणजे खेळो न खेळो मिळणारच. तीन सीझनमध्ये त्याला घरी पाठवलं. २०१० चा पहिला नंबर सॅम ब्रॅडफर्ड, सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख, पैकी ५ कोटी पक्के, एकही मॅच खेळायच्या आधी. जुने खेळाडू पण वैतागले होते, दहा वर्षं हाडं मोडून घेतली आम्ही आणि कालच्या पोराला आमच्या डबल. म्हणून २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या युनियनचा नवा करार झाला त्यात नव्या पोरांचे पगार नंबरप्रमाणे बांधूनच टाकले, सरकारी पे स्केलसारखे. त्या वर्षीचा पहिला नंबर कॅम न्यूटन, चार वर्षांचे मिळून २ कोटी २० लाख. एका वर्षात पगार कुठल्या कुठे खाली!

गंमत बघा, पोरं तीच, खेळ तोच, पण कागदावरची एक सही झाली आणि पहिल्या पिकची किंमत एकदम वर गेली. स्वस्त झालं म्हणून महाग झालं. पगार वजा केल्यावर आता हातात खूप उरायला लागलं, म्हणजे तो हरणाऱ्याचा शाप बराचसा उतरला.

आणि यात सगळ्यात जास्त फरक पडतो तो क्वार्टरबॅकमध्ये. बॉल प्रत्येक वेळी त्याच्या हातातून जातो, तो नसेल तर बाकी सगळं फुकट. २०२४ मध्ये डॅलसनं आपल्या डॅक प्रेस्कॉटला वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा करार दिला. त्याच वर्षीचा पहिला नंबर केलब विल्यम्स, तोही क्वार्टरबॅक, त्याला चार वर्षांचे मिळून साधारण ३ कोटी ९५ लाख, म्हणजे वर्षाला १ कोटीसुद्धा नाही. त्या वर्षीची सॅलरी कॅप होती २५ कोटी ५४ लाख. फरक काढा, वर्षाला ५ कोटी, कॅपच्या जवळजवळ पाचवा हिस्सा, त्यात दोन-तीन तगडे खेळाडू आरामात येतात. म्हणजे वरच्या पिकची किंमत त्या पोरात कमी आणि त्या चार वर्षांच्या स्वस्ताईत जास्त असते. शिवाय पहिल्या राउंडच्या पोराला टीम आपल्या मर्जीनं पाचवं वर्षही थांबवून घेऊ शकते, आणि तीन सीझन होईपर्यंत पोराला करार बदलून मागताच येत नाही. सिअ‍ॅटलनं २०१३ चा सीझन जिंकला तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन हा तिसऱ्या राउंडमधला होता, चार वर्षांचे मिळून तीसेक लाख डॉलर फक्त, आणि वाचलेल्या पैशात त्यांनी बाकी टीम उभी केली.

म्हणजे स्वस्ताई मिळवायला पहिलाच नंबर लागतो असंही नाही, ती खालीही मिळते, खूप जास्त मिळते. फक्त तिथे चांगलं पोरगं सापडायची शक्यता फार कमी. सॅन फ्रान्सिस्कोनं हे दोन्ही टोकांनी अनुभवलं. २०२१ मध्ये त्यांनी बाराव्यावरून तिसऱ्या नंबरवर जायला पुढच्या दोन्ही वर्षांची पहिल्या राउंडची पिक आणि वर एक तिसऱ्या राउंडचं देऊन टाकलं, ट्रे लान्ससाठी. लान्स त्यांच्याकडून जेमतेम आठ मॅच खेळला, मग दुखापत, मग २०२३ मध्ये चौथ्या राउंडच्या एका पिकच्या बदल्यात डॅलसला. आणि २०२२ च्या ड्राफ्टमधलं सगळ्यात शेवटचं, २६२ वं पोरगं, ब्रॉक पर्डी, ज्या जागेला इथे थट्टेनं बिनकामाचे साहेब म्हणतात, तो त्यांना फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. लॉटरी लागली म्हणायची आणि काय. पण लॉटरीची पण मुदत असते, २०२५ मध्ये त्याच पर्डीला पाच वर्षांचे २६ कोटी ५० लाख द्यावे लागले.

तर आता परत बेअर्सकडे. त्या ८ जानेवारीला पहिला नंबर हातात आला. बेअर्सकडे तेव्हा जस्टिन फिल्ड्स नावाचा तरुण क्वार्टरबॅक होता, त्यामुळे त्यांना नवा नको होता, किंवा त्यांना तसं वाटत होतं. कॅरोलिना पँथर्सना मात्र हवाच होता. मार्चमध्ये सौदा झाला: कॅरोलिनाला पहिला नंबर, आणि शिकागोला त्यांचा नववा, ६१ वा, २०२४ चा पहिल्या राउंडचा, २०२५ चा दुसऱ्या राउंडचा आणि वर डी. जे. मूर नावाचा तयार रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारा). मकॉयच्या रेडी रेकनरनं नववा १३५० आणि ६१ वा २९२, झाले १६४२. बाकीच्या १३५८ साठी पुढची दोन पिक आणि मूर. कागदावर ठीकठाक सौदा, डोळे पांढरे करणारा नाही.

पण पुढच्या वर्षीचं पिक कितव्या नंबरचं असेल हे देताना कोणालाच माहीत नसतं, ते देणारी टीम कशी खेळते त्यावर ठरतं. कॅरोलिनानं ब्राइस यंग या क्वार्टरबॅकला उचललं आणि १७ पैकी २ मॅच जिंकल्या. कोच सीझन संपायच्या आधीच गेला, ज्यानं सौदा केला तो जनरल मॅनेजर जानेवारीत गेला. आणि लीगमध्ये सगळ्यात शेवटी आल्याचं बक्षीस म्हणून मिळणारा पहिला नंबर, तो आधीच शिकागोला देऊन बसले होते! म्हणजे पहिला नंबर घ्यायला त्यांनी पहिलाच नंबर दिला, वर मूर, वर बाकी सगळं. मूरनं त्या सीझनला १३६४ यार्ड काढले, ते व्याज वेगळंच. त्या पिकवर शिकागोनं केलब विल्यम्स घेतला.

एवढं ऐकून वाटतं की शिकागोवाले चाणक्य. मलाही वाटायचं. पण ह्यूस्टनचं काय झालं ते बघा. त्या दिवशी जिंकून त्यांनी पहिला नंबर घालवला, कोच लव्ही स्मिथला त्याच रात्री काढून टाकलं (हाच लव्ही स्मिथ पूर्वी बेअर्सचा कोच होता, त्यांना सुपर बोलला नेलेला, त्यामुळे शिकागोत लोक म्हणायचे जाता जाता आम्हाला गिफ्ट देऊन गेला). ह्यूस्टनला दुसरा नंबर मिळाला, तिथे सी. जे. स्ट्राउड हा क्वार्टरबॅक मिळाला, आणि तो त्या वर्षीचा आक्रमणातला सगळ्यात चांगला नवा खेळाडू ठरला. शिवाय सौदा करून तिसऱ्या नंबरला विल अँडरसन घेतला, तो बचावातला सगळ्यात चांगला नवा खेळाडू. आदल्या वर्षी तीन मॅच जिंकलेली टीम १० जिंकली आणि डिव्हिजन म्हणजे आपला गटच मारला. पहिला नंबर हातातून गेला म्हणून त्या जानेवारीत ह्यूस्टनच्या लोकांनी डोकं धरलं होतं. हातात असता तर त्यांनी यंग घेतला असता की स्ट्राउड, हे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, कारण तेव्हा बऱ्याच तज्ज्ञांच्या यादीत यंगच वर होता.

आणि शिकागोनं स्वतःच तो नंबर ठेवून स्ट्राउड घेतला असता तर? हे मी काकांना २०२४ च्या हिवाळ्यात विचारलं, बेअर्स ५ जिंकून १२ हरले तेव्हा. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, अजून एक यायचंय ना आमचं, कॅरोलिनाकडून. ते एप्रिल २०२५ मध्ये आलं, ३९ वा नंबर, ल्युथर बर्डन नावाचा रिसीव्हर. काकांनी मला रात्री मेसेज केला, फक्त एवढंच, की आता हिशोब चुकता.